गंगा, गरिमा आणि न जन्मलेली वासरे

माणदेशी (धागालेखक)

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात मी वीस-बावीस वर्षे जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो आहे आणि त्यातला बराचसा वेळ कृत्रिम रेतनात गेला आहे. गेल्या महिन्यात एका शेतकऱ्याने जो प्रश्न विचारला, त्याचे समाधानकारक उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. त्यांच्या गोठ्यात एक पंढरपुरी म्हैस आहे. सातव्या वेतातही ती दोन्ही वेळचे मिळून बारा लिटर दूध देते, आणि चाऱ्याच्या टंचाईतही फारशी आटत नाही. आता ती थकत चालली आहे. त्यांनी मोबाइलवर कर्नालच्या ‘गंगा’ नावाच्या कालवडीची बातमी पाहिली होती. त्यांनी विचारले, “डॉक्टर, आमच्या म्हशीचे असे करून मिळेल का?”

ज्यांनी ही बातमी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत ६ फेब्रुवारी २००९ रोजी त्यांचे क्लोन केलेले, म्हणजे एकाच जनावराच्या साध्या पेशीपासून त्याच्याच जनुकांचे घडवलेले, म्हशीचे पहिले पारडू जन्मले आणि काही दिवसांतच मेले. त्याच वर्षी ६ जूनला ‘गरिमा’ जन्मली. ती दोन वर्षे जगली. २०१० मध्ये जन्मलेली ‘गरिमा-२’ पुढे रीतसर माजावर आली, गाभण राहिली आणि २५ जानेवारी २०१३ रोजी ‘महिमा’ला व्यायली. क्लोन केलेली म्हैस प्रजननक्षम असते हे त्यातून दिसले. गीर जातीची ‘गंगा’ १६ मार्च २०२३ रोजी जन्मली. तिच्यासाठी तीन जनावरे लागली: पेशी गीर गाईची, स्त्रीबीज साहिवाल गाईचे आणि गर्भाशय एका संकरित गाईचे.

कर्नालच्या पद्धतीचे मला, हाताने काम करणारा माणूस म्हणून, विशेष कौतुक वाटते. परदेशात बहुधा स्त्रीबीजातले केंद्रक, म्हणजे जनुके असलेला गाभा, काढायला अतिशय महागडी सूक्ष्म उपकरणे वापरतात. इथे कत्तलखान्यातून आणलेल्या म्हशींच्या बीजांडकोशांतून स्त्रीबीजे काढून ती प्रयोगशाळेत पक्व करतात, त्यांचे बाहेरचे कवच विकराने (एन्झाइमने) विरघळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने हातानेच केंद्रकाचा भाग कापून टाकतात. मग केंद्रक नसलेले दोन तुकडे आणि मूळ जनावराची एक पेशी एकमेकांना चिकटवून विजेच्या हलक्या धक्क्याने त्यांचा एकजीव करतात. सात-आठ दिवसांत भ्रूण तयार झाला की तो पर्यायी मातेच्या गर्भाशयात सोडतात. हे वाचताना द्राक्षबागेत कलम बांधणाऱ्या माणसाचे हात माझ्या डोळ्यांसमोर येतात.

माझा प्रश्न असा आहे, की हे तंत्र गोठ्यापर्यंत यावे का, आणि आले तर त्याची किंमत कोण मोजणार? येथे जीवशास्त्रातली मंडळी आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती.

पेशीबंध

डॉक्टरसाहेब, धाग्याबद्दल आभार. मी पेशीसंवर्धनाचे काम करते, त्यामुळे विज्ञानाच्या बाजूने काही गोष्टी मांडते.

क्लोनिंगमधले खरे आश्चर्य केंद्रक उचलून दुसरीकडे ठेवण्यात नाही. कातडीच्या किंवा कासेच्या पेशीत पूर्ण जनावर घडवण्याची सगळी माहिती असतेच. परंतु त्या पेशीने आपल्या कामापुरती पाने उघडी ठेवून बाकीचा ग्रंथ रासायनिक खुणांनी शिवून टाकलेला असतो. स्त्रीबीजातला द्रव तो ग्रंथ उसवतो आणि पुन्हा पहिल्या पानावर आणून ठेवतो. जॉन गर्डन यांनी हे बेडकांवर दाखवले आणि त्यांचा निर्णायक निबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला, पण प्रौढ सस्तन प्राण्याच्या पेशीबाबत ते घडायला ५ जुलै १९९६ उजाडला. त्या दिवशी स्कॉटलंडमधल्या रॉस्लिन संस्थेत सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशीपासून ‘डॉली’ जन्मली.

आता तिचा हिशेब पाहा. इयन विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७७ स्त्रीबीजांत पेशी मिसळल्या. त्यांतून २९ भ्रूण हाती लागले, ते १३ मेंढ्यांत सोडले आणि एक कोकरू जन्मले. उरलेल्या अपयशाचे कारण हाताच्या कौशल्यात शोधण्यापेक्षा त्या उसवण्यात शोधावे. टाके अर्धवट निघतात, भलतेच निघतात, आणि त्याचा फटका सर्वांत आधी वारेला, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवाला, बसतो. वार नीट बनली नाही की गर्भ मध्येच जातो, नाहीतर वासरू अवाजवी मोठे होऊन विताना अडते, किंवा जन्मल्यावर फुप्फुसे साथ देत नाहीत. यंत्रे सुधारली, टक्केवारीही थोडी वाढली. तरी गायी-म्हशींत बहुतेक भ्रूण वाया जातात ही स्थिती बदललेली नाही.

‘डॉली अकाली म्हातारी झाली’ हा समज मात्र आता सोडून द्यायला हवा. तिला संधिवात होता हे खरे, परंतु १४ फेब्रुवारी २००३ रोजी तिला दयामरण द्यावे लागले ते मेंढ्यांत विषाणूमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगामुळे. डॉली ज्या पेशींपासून जन्मली त्याच पेशींच्या साठ्यातून पुढे जन्मलेल्या चार मेंढ्यांची नॉटिंगहॅम येथे तपासणी झाली आणि त्या आपल्या वयाच्या मानाने निरोगी असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जे क्लोन पहिले काही महिने तगतात, ते बहुधा साधे, धडधाकट जनावर म्हणून जगतात.

राहिला प्रश्न ‘हुबेहूब’ असण्याचा. २००१ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये मांजरीचा पहिला क्लोन जन्मला. मूळ मांजर तिरंगी होती. पिल्लू पांढरे आणि करड्या पट्ट्यांचे निघाले. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद पडते आणि मांजरीचे रंग त्यावर ठरतात, हे त्यामागचे कारण. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःची थोडी जनुके असलेल्या तंतुकणिका स्त्रीबीजाकडून येतात. कर्नालच्या पद्धतीत तर दोन स्त्रीबीजांचे तुकडे जोडलेले असतात, म्हणजे त्या पारड्याला केंद्रकाची एक आई, तंतुकणिकांच्या दोन आणि पोटात वाढवणारी चौथी.

केळीबाग, रावेर

पेशीबंधताई, फार छान उलगडून सांगितलेत. मी शेतकरी आहे, शास्त्रज्ञ नाही. तरीही मला या चर्चेतला ‘क्लोन’ या शब्दाचा धसका थोडा गमतीचा वाटतो, कारण आमचा सगळा तालुका क्लोनवरच जगतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच डहाळी असा आहे. कोकणातल्या हापूसचे प्रत्येक कलम म्हणजे कोणा एका जुन्या झाडाचा क्लोन आहे, आणि आमच्या शेतातली ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळी तर प्रयोगशाळेच्या बाटलीतूनच येते. रोपे एकसारखी, निसवण एकाच सुमारास, घड सारख्या वजनाचे, त्यामुळे कापणीचे आणि गाड्यांचे नियोजन जमते. कंदापासून लागवड करणाऱ्या माझ्या वडिलांना हे सुख कधी मिळाले नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आम्हालाच ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या व्यापारात ‘ग्रो मिशेल’ नावाची केळी होती. सगळी झाडे एकाच रक्ताची असल्याने पनामा मर रोगाची बुरशी एका झाडात शिरली तिथे सगळ्यांत शिरली, आणि १९५० च्या दशकात मध्य अमेरिकेतले तिचे मळे मोडीत निघाले. तिच्या जागी आमची आजची केळी ज्या कुळातली आहे ते कॅव्हेंडिश आले. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहारमध्ये पोहोचलेला आहे. बांधावर उभे राहून एकसारख्या बागेकडे पाहताना अभिमान वाटतो, आणि रात्री त्याच एकसारखेपणामुळे झोप लागत नाही.

म्हशींचे असे होऊ नये एवढेच म्हणणे आहे. मेलेली बाग निदान उपटून टाकता येते.

निर्मोही

वरील प्रतिसादातला शेवटचा मुद्दा मला पटत नाही. एखाद्या गावात दहा क्लोन म्हशी आल्या म्हणून वंशाची विविधता संपेल ही भीती अतिरंजित आहे. क्लोनिंगचा खरा उपयोग दुधाच्या म्हशीपेक्षा सिद्ध वळूसाठी आहे. ज्याच्या मुलींनी भरपूर दूध दिले असा रेडा सिद्ध व्हायलाच अनेक वर्षे जातात आणि तोवर तो म्हातारा झालेला असतो. त्याच्या चार प्रती तयार झाल्या तर वीर्यमात्रांचा पुरवठा वाढतो. आपल्याकडे लाखो म्हशींना अजून गावठी, कसलीही नोंद नसलेला रेडा लागतो. त्यांच्यापर्यंत चांगले वीर्य पोहोचवणे हीच मुळात नैतिक गोष्ट नाही का? प्रयोगातल्या काही गायींच्या हालांपुढे लाखो गरीब कुटुंबांचे उत्पन्न ठेवून पाहावे.

माणदेशी (धागालेखक)

निर्मोहीजी, आपला मुद्दा वजनदार आहे आणि वळूबाबत आपण म्हणता तेच तंत्रामागचे प्रमुख प्रयोजन आहे, हे मी मूळ लेखात सांगायला हवे होते. परंतु विविधतेच्या भीतीला अतिरंजित म्हणण्याआधी अमेरिकेतल्या एका होल्स्टीन वळूची गोष्ट ऐका.

‘पॉनी फार्म अर्लिंडा चीफ’ हा वळू १९६२ साली जन्मला. त्याच्या १६,००० मुली, सुमारे पाच लाख नाती आणि वीस लाखांहून अधिक पणती झाल्या. होल्स्टीन जातीच्या एकूण गुणसूत्रांत त्याचा वाटा जवळपास १४ टक्क्यांपर्यंत गेला. दूध वाढले यात शंका नाही. मात्र त्याच्या एका जनुकात एक दोष होता. तो एकेरी असताना दिसत नाही. आई आणि बाप दोघांकडून आला की गर्भ पोटातच मरतो. पुढे त्याचेच वंशज एकमेकांना लागत गेले तेव्हा जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत आणि नुकसान ४२ कोटी डॉलरच्या घरात असावे, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते कसे दिसले असेल हे मी सांगू शकतो: गाय भरवली, ती लागली असे वाटले आणि काही आठवड्यांनी उलटली. डॉक्टरला दोष दिला, चाऱ्याला दिला, नशिबाला दिला. वळूच्या वंशावळीकडे कोणी पाहिले नाही.

हे सगळे क्लोनिंगशिवाय, केवळ वीर्यमात्रांच्या जोरावर झाले. त्यात एकाच वळूच्या चार प्रती जोडल्या तर वेग वाढणार हे उघड आहे. त्याच वळूने कमावून दिलेली रक्कम या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठी होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. त्यामुळे आपल्याशी माझा वाद निकाली निघाला असे मी म्हणत नाही.

‘काही गायींचे हाल’ या शब्दप्रयोगावर मात्र थांबावेसे वाटते. आठव्या महिन्यात गाभडलेल्या म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अडकलेली वार मी किती वेळा सोडवली आहे, याची मोजदाद नाही. ती म्हैस दावणीला उभी असते आणि तिच्या डोळ्यांत पाणी असते. प्रयोगात असे किती वेळा झाले याचा आकडा बातमीत येत नाही, जन्मलेल्या वासराचे वजन मात्र किलोत येते.

वकिली बाणा

चर्चा जनावरांपुरती ठेवली तर अर्धाच प्रश्न दिसेल, म्हणून माणसाकडे वळते. मानवी क्लोनिंगवरची चर्चा नेहमी ‘हुबेहूब माणूस निघाला तर त्याचा आत्मा कुणाचा’ अशा वळणावर जाते. जुळी भावंडे पाहिलेल्या समाजाला या प्रश्नाचे एवढे नवल वाटायला नको. माझ्या मते जास्त टोकदार प्रश्न दक्षिण कोरियात उभा राहिला.

ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाने २००४ आणि २००५ मध्ये क्लोन केलेले मानवी भ्रूण बनवून त्यातून मूलपेशी, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, मिळवल्याचा दावा केला. २००६ च्या आरंभी दोन्ही निबंध बनावट ठरून मागे घेतले गेले. खोटेपणाची चर्चा खूप झाली, पण त्या चौकशीत बाहेर आलेली दुसरी गोष्ट मागे पडली. त्या कामासाठी शंभरहून अधिक स्त्रियांकडून दोन हजारांवर स्त्रीबीजे घेतली गेली होती, काहींना त्यासाठी पैसे दिले गेले होते, आणि देणाऱ्यांत त्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधिका होत्या. आपल्या वरिष्ठाच्या प्रयोगासाठी संप्रेरकांची इंजेक्शने घेऊन स्त्रीबीज देणाऱ्या मुलीच्या संमतीला संमती म्हणायचे का? विशेष म्हणजे त्याच गटाचा ‘स्नपी’ हा कुत्रा, २००५ मध्ये जन्मलेला, खरा क्लोन ठरला. त्याच्यासाठी १,०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांच्या माद्यांत सोडले होते. दोन पिल्ले जन्मली आणि एक बाविसाव्या दिवशी दगावले.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूल जन्माला घालण्यासाठी मानवी क्लोनिंग निषिद्ध आहे, तसेच मानवी भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाही. मात्र ही तत्त्वे आहेत, संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नव्हे. मार्च २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरुद्धचा जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत झाला तेव्हा भारताने विरोधात मत दिले. जन्मासाठीच्या क्लोनिंगला आपला विरोधच होता, पण उपचारांसाठीच्या संशोधनाचे दार बंद होऊ नये ही भूमिका होती. तो जाहीरनामा कोणावरही बंधनकारक नाही.

पेशीबंध

वकीलताई, स्त्रीबीजांच्या मुद्द्याला एक जोड देते. त्याच २००६ साली जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुके घालून तिला मूलपेशीच्या अवस्थेत परत नेले. ग्रंथ उसवण्यासाठी स्त्रीबीजाची गरजच उरली नाही. २०१२ चे नोबेल त्यांना आणि गर्डन यांना मिळून दिले गेले. मानवी क्लोनिंगमधून मूलपेशी मिळवणे २०१३ मध्ये खरोखर साधले, पण तोवर बहुतेक प्रयोगशाळा यामानाकांच्या वाटेने गेल्या होत्या. एक नैतिक पेच वादविवादाने सुटला नाही, तो दुसऱ्या तंत्राने निकामी केला. असे भाग्य प्रत्येक पेचाला लाभत नाही.

चंद्रपूरकर

मी विदर्भात सिकलसेलच्या रुग्णांसोबत काम करतो. क्लोनिंग आणि जनुकसंपादन यांची येथे सरमिसळ होऊ नये म्हणून लिहितो. क्लोनिंगमध्ये जनुके जशीच्या तशी उचलली जातात, संपादनात ती बदलली जातात, आणि माझ्या रुग्णांना बदल हवा आहे. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात एका अक्षराची चूक आहे. त्यामुळे रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, रक्तवाहिन्यांत अडकते आणि पोराला हाडे फुटल्यासारख्या वेदना होतात. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत अनेक समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने यावरच्या पहिल्या क्रिस्पर, म्हणजे नेमक्या जागी जनुक कापणाऱ्या तंत्राच्या, उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी काढून, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद करणारा खटका निकामी करून, त्या परत देतात. बदल त्या रुग्णापुरता राहतो, पुढच्या पिढीत जात नाही. २०१८ मध्ये चीनमधल्या हे जियानकुई यांनी मात्र भ्रूणातच बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले. त्यांना तीन वर्षांची कैद झाली, आणि ज्या बदलाची त्या मुलींना वैद्यकीय गरज नव्हती तो त्या आयुष्यभर वाहतील. या दोन गोष्टींना एकाच ‘जनुकांशी खेळ’ या नावाने हाणणे अन्यायाचे आहे.

पण माझी अडचण वेगळी आहे. अमेरिकेत त्या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. त्याआधी तीव्र रसायनोपचार घ्यावे लागतात, महिनोन्‌महिने रुग्णालयाशी बांधून राहावे लागते. माझ्याकडे येणाऱ्या बाईला आजार आटोक्यात ठेवणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या दर महिन्याला न चुकता मिळाल्या तर तिचे पोर शाळेत जाईल. तालुक्याच्या गावी गोळ्या संपलेल्या असतात तेव्हा ती एसटीचे भाडे खर्चून रिकाम्या हाताने परत जाते. अशा वेळी नैतिकतेचा प्रश्न मला प्रयोगशाळेच्या आत कमी आणि औषधाच्या खिडकीपाशी जास्त दिसतो.

सोनचाफा

सगळे प्रतिसाद वाचले. एक बाळबोध प्रश्न आहे. आमचा चौदा वर्षांचा कुत्रा गेल्या दिवाळीत गेला. परदेशात कुत्र्यांचे क्लोन करून देतात असे ऐकले आहे. खर्चाचा विचार बाजूला ठेवला तर तो परत येईल का?

पेशीबंध

सोनचाफा, प्रश्न मुळीच बाळबोध नाही. अमेरिकेत यासाठी साधारण ५०,००० डॉलर घेतले जातात. जे पिल्लू येईल ते त्याच्या जुळ्या भावासारखे असेल, चौदा वर्षे उशिरा जन्मलेल्या. तुमच्या पावलांचा आवाज त्याला ओळखू येणार नाही. आणि त्या पिल्लासाठी ज्या माद्यांना इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया सोसाव्या लागतील, त्यांना कोणी नाव दिलेले नसेल.

माणदेशी (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. काल मी त्या शेतकऱ्याकडे पुन्हा गेलो होतो. कर्नालला संशोधन होते, गोठ्याची मागणी नोंदवून घेत नाहीत, हे त्यांना सांगितले. त्या म्हशीची एक पारडी त्यांच्याकडे आहे. तिला रक्ताच्या नात्यात नसलेल्या, नोंद असलेल्या पंढरपुरी रेड्याची वीर्यमात्रा द्यावी आणि दुधाची रोजची नोंद वहीत ठेवावी, असे सुचवले. पंढरपुरीसारख्या स्थानिक जातींच्या वेगवेगळ्या कुळांतले वीर्य आणि पेशी गोठवून ठेवण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. एका म्हशीच्या शंभर प्रतींपेक्षा शंभर म्हशींच्या एकेका पेशीत मला अधिक अर्थ दिसतो.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग ही पारडी आईएवढे दूध देईल याची खात्री?”

मी नाही म्हणालो. दुधातल्या फरकाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग रक्तातून येतो, उरलेला चारा, पाणी, गोठा आणि सांभाळणाऱ्या हातांचा असतो, असे सांगितले.

“आणि त्या कर्नालवाल्या पद्धतीने केली असती तर?”

“तरीही नाही,” मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि म्हातारीपुढे कडब्याची पेंढी सोडली.